रिअलिस्टला साजेसा फ्लॅश

अमेरिकेतल्या मिलवॉकीत डेव्हिड व्हाइट कंपनीने १९४७ साली बाजारात आणलेला स्टिरिओ रिअलिस्ट १९७१पर्यंत बनत होता. सिटन रॉचवाइट यांनी घडवलेल्या या कॅमेऱ्याला ३५ मिलिमीटरची दोन भिंगं असतात, एकमेकांपासून साधारण ७० मिलिमीटरवर. एकाच क्षणी दोन चित्रं उमटतात आणि दर्शकातून पाहिलं की माणूस, दार, अंगण आपापल्या अंतरावर उभी राहतात. मूकपटांचा नट हॅरल्ड लॉइड या छंदाने झपाटला होता.

असा कॅमेरा पुणे जिल्ह्यातल्या मुळशीत वापरायचा, तर उजेडाचा प्रश्न आधी येतो. पावसाळ्यात ताम्हिणी घाटाकडे दुपारीसुद्धा अंधारून येतं, आणि कौलारू घराच्या माजघरात तर उन्हाळ्यातही सावलीच. त्रिमितीय चित्रात पुढचं-मागचं सारंच स्पष्ट हवं. धूसर भाग डोळ्याला खुपतो. म्हणून छिद्र एफ-८ किंवा एफ-११ ठेवावं लागतं, आणि मग फ्लॅशवाचून गत्यंतर नाही.

स्वस्त फ्लॅश निवडताना बहुतेकजण आधी ब्रँड पाहतात. माझ्या मते आधी गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा पाहावा; त्याला छिद्राच्या आकड्याने भागलं की उजेड किती अंतरापर्यंत पुरेल ते कळतं. तो मीटरमध्ये, १०० आयएसओसाठी २८ असेल, तर एफ-८ला उजेड साडेतीन मीटरपर्यंत पुरतो. भिंगांमधल्या अंतराच्या तीसपट, म्हणजे सुमारे दोन मीटरच्या आत शक्यतो काही येऊ नये, हा त्रिमितीय छायाचित्रणाचा जुना नियम. म्हणजे हाताशी उरतं जेमतेम दीड मीटर. ४०० आयएसओची फिल्म घातली की हाच उजेड सात मीटरपर्यंत पोहोचतो. माजघर त्यात आरामात बसतं. महागडा फ्लॅश घेण्याआधी हा उपाय करून पाहावा.

टीटीएलसाठी, म्हणजे भिंगातून आलेला उजेड मोजून फ्लॅश आपोआप आवरणाऱ्या सोयीसाठी, पैसे मोजू नयेत, कारण हा कॅमेरा फ्लॅशशी तसं काही बोलतच नाही. साधा मॅन्युअल फ्लॅश, ताकद कमी-जास्त करता येणारा आणि सिंक कॉर्ड घेणारा, एवढं पुरे. रिअलिस्टचा शू आजच्या मानकाच्या आधीचा आहे. नवा फ्लॅश त्यावर थेट चालेल असं धरून चालू नका, अडॅप्टर लागतो. फ्लॅश दोन्ही भिंगांच्या मधोमध, वर असावा. छतावर उजेड आपटून मऊ करायची युक्ती मात्र इथे निकामी: धुराने काळवंडलेली कौलं उजेड गिळतात. पांढरा पडदा किंवा भिंत जवळ असेल तर तिचा उपयोग करा. पावसात फ्लॅश उडवलात तर जवळचे थेंब पांढरे ठिपके होऊन हवेत लटकतात. हवे असतील तरच ते घ्या.

पुण्याच्या जुन्या बाजारात वापरलेला फ्लॅश मिळाला, तर बॅटरीच्या कप्प्यातली गंजलेली पट्टी आधी पाहा. काही जुन्या फ्लॅशच्या संपर्कबिंदूवर दोनशे व्होल्टच्याही वर दाब असतो. ओल्या हातांनी, धातूच्या कॅमेऱ्यावर असा फ्लॅश लावू नका. मल्टिमीटरने मोजून घ्या.

विकत घेण्याआधी शेवटची चाचणी करा. कॅमेऱ्यात फिल्म न घालता पाठ उघडा, समोर पांढरी भिंत ठेवा, शटर दाबून फ्लॅश उडवा आणि मागून दोन्ही भिंगांतून पाहा. दोन्हीकडे पूर्ण गोल उजेड दिसला, तरच पैसे द्या.