काळा मणी आणि दहा दिवसांच्या ताई

मे महिन्यातली सकाळ. हडपसर मागे टाकून सोलापूर रस्त्यानं थोडं पुढे गेलं, की आत वळणाऱ्या एका कच्च्या वाटेवर एक बालगृह आहे. तिथल्या पत्र्याच्या हॉलमध्ये सतरंजीवर चाळीसेक मुलं मांडी घालून बसली होती. समोर परदेशातल्या एका चर्चमधून आलेले सात-आठ तरुण होते. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट, चेहऱ्यावर घाम आणि मनापासूनचं हसू. दुभाषी मी. क्रियागीत झालं, फुगे वाटून झाले. मग प्रत्येक मुलापुढे एक दोरा आणि पाच मणी आले. काळा, लाल, पांढरा, हिरवा आणि सोनेरी.

अठरा-एकोणीस वर्षांच्या एका मुलीनं काळा मणी उंच धरला. हा काळा म्हणजे पाप, ती म्हणाली. मी ते मराठीत सांगितलं. लाल म्हणजे येशूचं रक्त, पांढरा म्हणजे धुऊन निघालेलं मन, हिरवा म्हणजे विश्वासातली वाढ आणि सोनेरी म्हणजे स्वर्ग. मुलं भराभर मणी ओवत होती. पुढच्या रांगेतली नऊ-दहा वर्षांची एक पोरगी मात्र काळा मणी बोटांत धरून तशीच बसली होती. ती मला म्हणाली, "पण सर, काळे मणी तर आईच्या मंगळसूत्रात असतात."

तिची आई हयात होती. दरवर्षी ऊसतोडीला जायची, म्हणून पोरगी इथे. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाहुण्या मुलीनं उत्सुकतेनं विचारलं, काय म्हणते ती? मी सांगून टाकलं, तिला मणी आवडले म्हणते. गट पुढच्या खेळाकडे वळला. ते खोटं भाषांतर माझ्या मनातून अजून गेलेलं नाही, आणि हा लेख मी त्यापायीच लिहितो आहे.

त्या पाच रंगांना मोठा इतिहास आहे. लंडनचे प्रसिद्ध प्रवचनकार चार्ल्स स्पर्जन यांनी १८६६ मध्ये काळा, लाल आणि पांढरा अशा तीन पानांच्या, एकही अक्षर नसलेल्या पुस्तकावर प्रवचन दिलं. सोनेरी आणि हिरवं पान त्यात पुढे आलं. अक्षर नाही म्हणजे भाषेची अडचण नाही, हे पुस्तक जगात कुठेही चालेल, असा विश्वास त्यामागे होता. पुढे पानांचे मणी झाले आणि ब्रेसलेट तयार झालं. महाराष्ट्रात मात्र रंग मुका नसतो. काळा मणी आमच्याकडे सौभाग्याचा. तान्ह्या बाळाच्या मनगटावर दृष्ट लागू नये म्हणून तो बांधतात. मराठी ख्रिस्ती घरांतही कितीतरी बायकांच्या गळ्यात काळ्या मण्यांचं मंगळसूत्र असतं आणि त्याच्या वाट्यांच्या जागी क्रूस असतो. शब्द टाळले म्हणून अर्थ टळत नाही.

या सहली म्हणजे नेमकं काय? अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा कोरियातल्या एखाद्या चर्चमधले पाच-पंधरा जण सुट्टीत आठवडा ते महिनाभरासाठी गरीब देशात जातात. मुलांना बायबलमधल्या गोष्टी, गाणी आणि थोडं इंग्रजी शिकवतात, भिंती रंगवतात आणि परत जातात. खर्चासाठी ते महिनोन्‌महिने नातेवाइकांना आणि मंडळीतल्या लोकांना पत्रं लिहितात, केक विकतात, गाड्या धुतात. ही पद्धत तशी नवी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानप्रवास आवाक्यात आला आणि लॉरेन कनिंगहॅम यांनी १९६० मध्ये सुरू केलेल्या 'यूथ विथ अ मिशन'सारख्या संघटनांनी कॉलेजच्या वयाच्या मुलांना थोड्या काळासाठी बाहेर पाठवायला सुरुवात केली. रॉबर्ट वुथनाव या समाजशास्त्रज्ञाचा अंदाज असा, की या शतकाच्या पहिल्या दशकात एकट्या अमेरिकेतून वर्षाला सुमारे १६ लाख प्रौढ अशा सहलींना जात होते.

या तरुणांच्या हेतूविषयी मला शंका नाही. मी त्यांच्यासोबत जेवलो आहे. तिखटानं डोळ्यांत पाणी येत असताना पिठलं-भाकरी आग्रहानं मागून घेणारी ती मुलं होती. प्रश्न त्यांच्या प्रेमाचा नाही, त्या प्रेमाला मिळणाऱ्या दिवसांचा आहे. होंडुरासमध्ये १९९८ साली मिच वादळानं हाहाकार केला. त्यानंतर परदेशी गटांनी तिथे बांधलेल्या घरांचा अभ्यास कर्ट वर बीक या ख्रिस्ती समाजशास्त्रज्ञानं केला. पाहुण्यांच्या गटानं बांधलेलं घर त्यांच्या प्रवासखर्चासकट सरासरी ३० हजार डॉलरला पडलं. स्थानिक ख्रिस्ती संस्थेनं बांधलेलं तसंच घर २ हजार डॉलरला पडलं. आपलं आयुष्य या प्रवासानं बदललं असं जाणाऱ्यांना वाटत होतं, पण परतल्यावर त्यांच्या दानधर्मात म्हणावा तसा फरक पडला नव्हता. हे चर्चच्या आतल्या माणसानं मांडलं, म्हणून मी ते जास्त मोलाचं मानतो. इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूनं तर १९६८ मध्येच, मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं होतं, की पाहायला या, शिकायला या, मदत करायला मात्र येऊ नका.

मुलांच्या बाबतीत हिशेब पैशांचा उरत नाही. बालगृहातलं लहान मूल अनोळखी माणसाला पहिल्या तासात बिलगतं, मांडीवर चढतं. पाहुण्याला वाटतं, किती माया लावली यानं! बालमानसशास्त्र सांगतं, की इतक्या सहज कुणालाही बिलगणं हे मायेच्या दुष्काळाचं लक्षण आहे. लिंडा रिक्टर आणि एमी नॉर्मन यांनी २०१० मध्ये आफ्रिकेतल्या अनाथालयांना भेटी देणाऱ्या स्वयंसेवकांवर लिहिलं. जीव लावायचा आणि थोड्याच दिवसांत निघून जायचं, हे पुन्हा पुन्हा घडलं तर मूल त्यातून निरोपच शिकतं, असा त्यांचा इशारा होता. कंबोडियात पाहुण्यांचा ओघ वाढला तशी अनाथालयंही वाढली, आणि त्यांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत होते. ऊसतोडीला जाणाऱ्या आईची ती पोरगी मला म्हणूनच सारखी आठवते.

पुण्याला परदेशातून शिकवायला आलेली माणसं नवी नाहीत. या शहराचं आधुनिक शिक्षणच त्यांच्याशी बांधलेलं आहे. जोतिराव फुले शिकले ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत. त्यांनी १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. त्याआधी ते अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहून आले होते आणि त्या पाहून फार समाधान वाटलं, असं त्यांनी पुढे सांगितलं. या फरारबाई न्यू हॅम्पशायरच्या. बोटीत कित्येक महिने काढून १८२७ च्या डिसेंबरअखेरीस त्या मुंबईत उतरल्या. मधली एक रजा सोडली तर उरलेलं सगळं आयुष्य त्यांनी इथेच काढलं आणि १८६२ मध्ये नगरलाच देह ठेवला. म्हणजे जवळजवळ पस्तीस वर्षं! त्याही आधी, १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्सनं चाळीस वर्षं राहून मराठीत 'क्रिस्तपुराण' रचलं. आपल्या भाषेत इतकं खोल उतरलेल्या माणसाला पाहुणा म्हणायला जीभ रेटत नाही.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती उलट्या दिशेची गोष्ट. इंग्लंडमधल्या वाँटेज गावच्या 'कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन' या संघाच्या सिस्टर्स १८७७ मध्ये पुण्यात आल्या आणि त्यांनी इथे शाळा चालवल्या. पुण्यात त्यांची पंडिता रमाबाईंशी ओळख झाली. पंचविशीतल्या रमाबाई १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला निघाल्या. प्रवासाच्या पैशांची तजवीज त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून केली. वाँटेजला राहण्या-शिकण्याची सोय सिस्टर्सनी करायची आणि त्या बदल्यात भारतात जाऊ पाहणाऱ्या सिस्टर्सना रमाबाईंनी मराठी शिकवायचं, असं ठरलं होतं. मनात डॉक्टर व्हायचं होतं, पण कान साथ देईनात. ऐकू येणं कमी होत गेलं आणि वैद्यकीचा विचार सोडावा लागला. ते चित्र मी पुष्कळदा डोळ्यांसमोर आणतो. इंग्लंडमधल्या थंडीत बसलेली, ऐकू कमी येणारी मराठी बाई, आणि तिच्यापुढे 'ळ' आणि 'ण' जिभेवर आणू पाहणाऱ्या सिस्टर्स. पुण्यातल्या मुलींपुढे उभं राहण्याआधी त्यांना एका मराठी बाईसमोर विद्यार्थिनी होऊन बसावं लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वाँटेजला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर्सशी त्यांचे श्रद्धेच्या प्रश्नांवर पुढे कडाक्याचे वाद झाले, तेही बरोबरीच्या नात्यानं.

तिथून रमाबाई अमेरिकेला गेल्या. फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाची बालवाडीची पद्धत फिलाडेल्फियात शिकल्या आणि त्या धर्तीवर मराठी पाठ्यपुस्तकं लिहायला बसल्या. मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. तिथे धर्मशिक्षण द्यायचं नाही असा करार होता. तरी काही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून पुण्यात गदारोळ उठला. 'केसरी'नं टीकेची झोड उठवली आणि १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं. त्याच सदनात शिकलेल्या गोदूबाईंनी त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. एकाच अंगणातून भांडण निघालं आणि कर्व्यांच्या हिंगण्यातल्या संस्थेची वाटही निघाली. दुष्काळातल्या शेकडो मुलींना आसरा देणारं केडगावचं मुक्ती सदन त्यानंतरचं. पुणे जिल्ह्यात ते आजही आहे.

तो गदारोळ मी बाजूला सारणार नाही, कारण तो प्रश्न खराच आहे. मूल लहान आहे, पोटासाठी दुसऱ्याच्या दारात आहे. अशा वेळी त्याला खाऊसोबत श्रद्धा दिली तर ते नाही कसं म्हणणार? आपल्या राज्यघटनेचा अनुच्छेद २८ सांगतो, की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येणार नाही, आणि मूल अज्ञान असेल तर ती संमती पालकाची हवी. व्हिसाचे नियमही स्पष्ट आहेत. पर्यटक व्हिसावर मोबदला न घेता महिन्याभरापर्यंत स्वयंसेवी काम करता येतं, पण मिशनरी कामासाठी वेगळा मिशनरी व्हिसाच लागतो. बालगृहाला बाल न्याय कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे. मी स्वतः प्रार्थना करणारा माणूस आहे आणि हे नियम मला अडथळा वाटत नाहीत. ज्या आईला विचारलेलंच नाही, तिच्या लेकरापुढे मी काळा मणी धरणार नाही.

मग परदेशातून येणाऱ्यानं यावंच नाही का? यावं, पण फलटणला एकदा डोकावून यावं. मॅक्सीन बर्नसन ही अमेरिकन बाई १९६१ मध्ये भारतात आली, मराठीवर भाषाशास्त्राच्या अंगानं काम करायला फलटणमध्ये राहिली आणि इथलीच झाली. शाळेत मागे पडणाऱ्या दलित-गरीब वस्तीतल्या मुलांना वाचता का येत नाही, या एका प्रश्नाचा पिच्छा तिनं वर्षानुवर्षं पुरवला. त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन उभं राहिलं. तिथली मुलं मराठीतून शिकतात. परदेशी लोकांना मराठी शिकता यावं म्हणून तिनं जाई निंबकरांबरोबर पुस्तकंही लिहिली. बाई मिशनरी नव्हती. पण मिशनरी वृत्ती म्हणून आपण जे मनात धरतो, ते मला तिथे दिसलं.

सगळ्यांना आयुष्य देता येणार नाही, हे मला कळतं. एकोणीस वर्षांच्या मुलीकडून ते मागूही नये. पण ज्या बालगृहात जायचं तिथल्या ताईंना सहा महिने आधी विचारता येतं, तुम्हाला काय हवं? मी हे त्या बालगृहातल्या ताईंना विचारलं होतं. त्या जराही न थांबता म्हणाल्या, "दहावीच्या पोरांना संध्याकाळी गणित शिकवणारा माणूस हवाय, सर. वर्षभर येणारा. त्याचा पगार कुणी दिला तरी पुष्कळ झालं." त्या सात-आठ जणांच्या विमानाच्या तिकिटांत तो पगार कितीतरी वर्षं भागला असता. आणि यायचंच असेल तर? ताई म्हणाल्या, मोठ्या माणसांना शिकवायला या. स्वयंपाकघरातल्या बायांना स्वच्छतेचं सांगा, आम्हाला कॉम्प्युटरवर हिशेब ठेवायला शिकवा. आम्ही इथेच असतो, आम्ही ते मुलांपर्यंत नेऊ.

त्या गटाच्या शेवटच्या दिवशी मी पुन्हा गेलो होतो. निरोपाचं गाणं झालं, दोन्हीकडे रडू झालं. गाडी वाटेला लागल्यावर मुलं पांगली. ती पुढच्या रांगेतली पोरगी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली होती. तिनं ब्रेसलेटची गाठ दातांनी सोडली होती. चार मणी फ्रॉकच्या खिशात टाकून काळा तेवढा तिनं दोऱ्यात पुन्हा ओवला. स्वयंपाकीणबाईंची तान्ही नात पायरीजवळ दुपट्यावर पडली होती. पोरीनं तो दोरा तिच्या इवल्या मनगटाला बांधला, फार घट्ट नाही ना हे बोट घालून पाहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आता हिला दृष्ट नाही लागायची."