विद्यापीठाचें दार आणि गांवची शाळा

वसई तालुक्यांतील निर्मळ हें गांव तळ्यामुळें व कार्तिकांतील यात्रेमुळें प्रसिद्ध आहे. विहिरीचें पाणी मचूळ कां होतें, हा या किनाऱ्यावरील बागायतदाराच्या पोटापाण्याचा प्रश्न. परंतु त्याच्या मुलास 'द्रावण' हा शब्द भेटतो तो केवळ व्याख्येच्या रूपानें, आणि परीक्षा संपतांच तो विसरला जातो. विहीर आणि पुस्तक यांची गांठ कोणी घालून द्यावी? एकट्या शिक्षकावर हें ओझें टाकणें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

पुणें विद्यापीठाच्या आवारांत 1988 सालीं स्थापन झालेल्या 'आयुका' या खगोलविज्ञान संस्थेनें याचें एक उत्तर दिलें आहे. तिचे संस्थापक कै. डॉ. जयंत नारळीकर जागतिक कीर्तीचे संशोधक; परंतु शाळकरी मुलांकरितां दुसऱ्या शनिवारीं व्याख्यानें ठेवण्यांत त्यांस कमीपणा वाटला नाहीं. पुढें पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीचा हातभार लागून तेथें मुलांसाठीं 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' उभी राहिली. इमारतीचें नांव 'पुलस्त्य'. सप्तर्षींतील तारा तर तो खराच, पण पहिल्या दोन अक्षरांत पु. ल.ही आले! तेथें श्री. अरविंद गुप्ता यांनीं अनेक वर्षें टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकविलें. सरबताच्या नळीचें टोंक चपटें करून निमुळतें कापावें व फुंकावें, पिपाणी वाजते. वाजवितां वाजवितां नळी कात्रीनें आंखूड करीत जावें, तों तों सूर चढत जातो. बासरीचीं भोंकें कशासाठीं, हें मग मुलास सांगावें लागत नाहीं.

जुन्नर तालुक्यांत खोडद येथें 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. 28 फेब्रुवारीस, विज्ञानदिनीं, तेथें शाळांचें प्रदर्शन भरतें, जत्राच ती. आसपासच्या विद्युत्-यंत्रांचा दुर्बिणीस उपद्रव होतो, तेव्हां शेजारधर्म तिलाही हवाच.

निर्मळास मात्र दुर्बिणीची वाट पाहण्याचें कारण नाहीं. वसईंत मुंबई विद्यापीठास जोडलेलीं महाविद्यालयें आहेत. पावसाळ्यापूर्वीं व नंतर मुलांनीं आपापल्या विहिरीचें पाणी बाटलींत न्यावें आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनीं तें त्यांच्यादेखत तपासावें. रौप्यक्षाराचे थेंब पडतांच खारें पाणी दुधासारखें पांढरें होतें. तें पाहिलेलें मूल विसरत नाहीं. आलेले आंकडे यात्रेच्या दिवशीं तळ्याकांठीं फळ्यावर मांडावे, म्हणजे बागायतदारही थांबून वाचतील. खर्च थोड्या बाटल्यांचा व रसायनांचा, आणि आठवड्यांतील एका दुपारचा. ती दुपार देऊं शकतील असे सेवानिवृत्त काका किंवा पदवीधर वहिनी आपल्या बहुतेक घरांतून आहेत.