कॅसेटमध्ये नव्व्याण्णव लाख गेम नव्हतेच

सानगडी असो, साकोली असो की लाखनी, जुन्या व्हिडीओ गेमचा विषय निघाला की चाळिशीच्या आसपासचं कोणीतरी छातीठोकपणे सांगतंच, "आमच्या कॅसेटमध्ये नव्व्याण्णव लाख गेम होते बे! आम्ही पन्नासेक खेळलो, बाकीचे उघडलेच नाहीत." दिवाळीनंतरच्या मंडईत, खेळण्यांच्या दुकानात लटकणारी ती कॅसेट, वर मारिओचं चित्र आणि ठळक आकडा : ९९९९९९९ इन १. मग त्यावर दुसरा मजला चढतो. उरलेले गेम म्हणे 'लॉक' होते, शेवटपर्यंत गेलं की उघडायचे, आणि कोणाच्या तरी मामाच्या पोरानं नागपुरात ते उघडलेही होते. आता हेच लोक आपल्या मुलांना हेच सांगायला लागले आहेत, म्हणून हे एकदा नीट मांडायला हवं.

आधी साधा हिशेब करू. एक गेम एक मिनिट पाहायचा म्हटलं, तरी इतके गेम बघायला रात्रंदिवस न झोपता १९ वर्षं लागतील. जागेचा हिशेब त्याहून कडक आहे. आपण ज्याला 'टँक' म्हणायचो तो नामकोचा १९८५ सालचा 'बॅटल सिटी' अवघ्या २४ केबीचा आहे. तेवढ्याच आकाराचे नव्व्याण्णव लाख गेम ठेवायचे तर सुमारे २४० जीबी जागा हवी. नव्वदीच्या मध्यावर चांगल्या संगणकाची हार्ड डिस्क एक-दोन जीबीची असली तरी खूप वाटायचं. मूठभर पैशांत मिळणाऱ्या कॅसेटमध्ये २४० जीबी कुठून येणार? आणि मुळात इतके गेम लिहिले कोणी? निन्टेंडोचा फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आला. आपल्याकडे लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी घरोघरी पोचलेली यंत्रं त्याच्याच नकला होत्या. त्या मूळ यंत्रासाठी जपानमध्ये त्याच्या साऱ्या आयुष्यात निघालेले अधिकृत गेम हजाराच्या आसपास आहेत. लाखांचा प्रश्नच येत नाही.

मग त्या यादीत होतं काय? हे अंदाजानं सांगायची गरज नाही. कॅसेट उघडून तिच्या चिपमधला डेटा वाचता येतो, संगणकावर फाइल म्हणून उतरवता येतो आणि बाइट बाइट तपासता येतो. रिव्हर्स इंजिनीअरिंग म्हणतात ते हेच. अशा फाइलींत बहुतेक वेळा मोजके खरे गेम सापडतात, कधी कधी तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सुरुवातीला एक छोटा मेनूचा प्रोग्राम असतो. तो पडद्यावर आकडे वाढवत नेतो, पण शेजारची नावं फिरून फिरून तीच येतात. तुम्ही ओळ निवडली की तो दोन कामं करतो : चिपचा योग्य तुकडा प्रोसेसरसमोर आणतो, आणि गेम सुरू होण्याआधी काही आकडे ठरवून देतो. तुकडा आणावा लागतो, कारण या प्रोसेसरला कॅसेटमधल्या प्रोग्रामचा साधारण ३२ केबीच भाग एका वेळी दिसतो. पुढचे तुकडे अदलून बदलून समोर आणावे लागतात.

सगळी गंमत त्या ठरवून दिलेल्या आकड्यांत आहे. 'सुपर मारिओ ब्रदर्स' घ्या. १९८५ सालचा हा अख्खा गेम ४० केबीत बसतो : ३२ केबी प्रोग्राम आणि ८ केबी चित्रं. यंत्राची कामाची मेमरी फक्त २ केबी. त्यात एका ठरलेल्या जागी मारिओचे जीव लिहिलेले असतात, दुसऱ्या ठरलेल्या जागी तो कितव्या दुनियेत आहे ते. दुनियेच्या जागी शून्य असेल तर खेळ पहिल्या दुनियेपासून सुरू होतो, ४ असेल तर पाचवीपासून. आता सुरुवातीची दुनिया ठरवणारा तेवढाच एक बाइट बदलला आणि मेनूत नवी ओळ घातली, की झाला 'नवा गेम'. मारिओ एकपासून, मारिओ दोनपासून, मारिओ जास्त जीवांचा, कॉन्ट्रा तिसऱ्या टप्प्यापासून. साकोलीहून सुटलेली एकच एसटी वेगवेगळ्या थांब्यांवर पकडली, म्हणून गाड्या वेगळ्या होत नाहीत.

या ठिकाणी जरा थांबून एक गोष्ट जवळून पाहा, कारण 'जीव वाढवणं म्हणजे कुठलाही मोठा आकडा टाकणं' हाही एक समज आहे. मारिओ सुरुवातीला तीन जीव दाखवतो, पण मेमरीत २ लिहिलेलं असतं. मोजणी २, १, ० अशी उतरते आणि आकडा शून्याच्या खाली गेला की खेळ संपतो. 'शून्याच्या खाली' हे प्रोसेसर कसं ओळखतो? आठ बिटांतला सगळ्यात वरचा बिट पाहून. तो १ असेल तर प्रोसेसरच्या लेखी आकडा ऋण. म्हणजे १२७ पर्यंतचे आकडे धन आणि १२८ ते २५५ ऋण. आता हावरटपणानं त्या बाइटमध्ये सगळ्यात मोठा आकडा, २५५, टाकून बघा. पहिल्याच खड्ड्यात मारिओ पडला की २५५ चे २५४ होतात, वरचा बिट १ दिसतो आणि थेट गेम ओव्हर. ज्याला हे कळतं तो मोजून मापून ९ किंवा २९ टाकतो. अशी नक्कल करणाऱ्यांनी मूळ कंपन्यांचं काम चोरलं, त्यात शंका नाही. पण सोर्स कोड हातात नसताना नेमका तो बाइट शोधून काढणं हे कसब होतं, आणि या कसबाकडे आपण कधी पाहिलंच नाही. आपण आकड्यावर भाळलो.

तिसरी युक्ती चित्रांची. 'मारिओ १४' हा निन्टेंडोनं कधीच बनवला नाही. तो आयरेम कंपनीचा 'काइकेत्सु यांचामारू ३' आहे. त्यातल्या नायकाच्या चित्राजागी मारिओचं चित्र बसवलं, शीर्षक बदललं आणि विकला. या यंत्रात प्रत्येक चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या टाइलांनी बनतं, एक टाइल १६ बाइटची. टाइल बदलली की चेहरा बदलतो, चाल तीच राहते. खुद्द निन्टेंडोनंही जागा वाचवायला हेच तंत्र वापरलं होतं. मारिओतला ढग आणि जमिनीवरचं झुडूप एकाच टाइलांचं आहे, फक्त रंग वेगळे.

आणि ते 'लॉक' असलेले गेम? चिपमध्ये जे नाही ते कुठल्याही टप्प्यानंतर उघडत नाही. मामाच्या पोरानंही उघडलं नव्हतं.

दुसरा हट्टी समज : मूळ सोर्स कोड मिळाल्याशिवाय कोणालाच गेम बदलता येत नाही. चूक. कॅसेटमध्ये प्रोसेसरला कळणारे हुकूम जसेच्या तसे असतात. ते वाचून, कोणता भाग काय करतो याची नावं देत देत, मारिओचा पूर्ण प्रोग्राम हौशी लोकांनी पुन्हा उलगडून मांडला आहे. अक्षरं शोधायची रीत तर शाळकरी पोरालाही जमेल. गेममधली अक्षरं संगणकाच्या नेहमीच्या तक्त्याप्रमाणे नसतात, म्हणून फाइलमध्ये 'मारिओ'ची इंग्रजी अक्षरं सरळ शोधली तर सापडत नाहीत. मग अक्षरांऐवजी त्यांच्यातलं अंतर शोधायचं : एमपासून ए बारा घरं मागे, एपासून आर सतरा पुढे, आरपासून आय नऊ मागे, आयपासून ओ सहा पुढे. या अंतरांनी बसणारे पाच बाइट सापडतात : २२, १०, २७, १८, २४. म्हणजे ए हे १० वर आहे, झेड ३५ वर, शून्य ते नऊ हे आकडे आपापल्याच जागी, आणि ३६ म्हणजे रिकामी टाइल.

हा ३६ लक्षात ठेवला की मारिओतल्या 'गुप्त दुनिये'चं कोडंही सुटतं. १-२ या टप्प्याच्या शेवटी भिंतीतून आरपार जाऊन विशिष्ट पाइपात शिरलं की पडद्यावर '-१' दिसतं आणि कधीच न संपणारा पाण्यातला टप्पा लागतो. ही कोणी मुद्दाम लपवलेली दुनिया नाही. खेळ त्या क्षणी चुकीच्या जागचा आकडा उचलतो आणि तुम्हाला ३६ व्या दुनियेत पाठवतो. ३६ ची टाइल रिकामी, म्हणून रिकामी जागा, रेघ आणि १ एवढंच दिसतं. मात्र खरोखर लपवलेल्या गोष्टीही असतात. आपल्या त्याच 'टँक'च्या आत लिहिणाऱ्यांची नावं आणि कोणाच्या तरी प्रेमाची एक ओळ दडलेली आहे. इतकी वर्षं आपण तिच्या आसपास विटा फोडत होतो.

कॉन्ट्राचा वर-वर-खाली-खाली वाला कोड कोणा हॅकरनं घुसवला, असंही सांगतात. तो कॉन्ट्रा बनवणाऱ्या कोनामी कंपनीचाच. काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या 'ग्रेडियस'साठी तो ठेवला, कारण तो गेम त्यांना स्वतःलाच कठीण जात होता. कॉन्ट्रात तो नंतर आला आणि त्यातून तीस जीव मिळायला लागले.

कॅसेटला फुंकर मारली की ती चालते? नाही. काढून पुन्हा लावल्यानं पिना नीट टेकतात, म्हणून चालते. फुंकरेतला ओलावा पट्ट्या गंजवतो, आणि निन्टेंडोनंच फुंकू नका असं बजावलं होतं. कापसाच्या बोळ्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या पुसा.

गेम बदलताना मूळ कॅसेट खराब होते? त्या चिपमधला डेटा कारखान्यातच कायमचा कोरलेला असतो. बदल होतो तो संगणकावरच्या प्रतीत.

आता कायद्याचं, कारण इथे दोन्ही टोकांचे लोक भेटतात. एक म्हणतो हे सगळं गुन्हा आहे, दुसरा म्हणतो जुने गेम आता सगळ्यांचे झाले. दोघंही चुकतात. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१) काढून वाचा. त्यातल्या 'एसी' खंडात प्रोग्राम वापरताना त्यामागच्या कल्पना आणि तत्त्वं समजून घेण्यासाठी त्याचं निरीक्षण, अभ्यास, चाचणी करायला मुभा आहे. 'एडी' खंडात स्वतःजवळच्या कायदेशीर प्रतीवरून खासगी, बिनव्यापारी वापरासाठी प्रत किंवा बदल करायला मुभा आहे. यात गेमच्या फाइली वाटणं किंवा पेन ड्राइव्हमध्ये भरून विकणं बसत नाही. आणि कॉपीराइट संपल्याचं म्हणाल, तर १९८५ चा गेम कुठल्याही हिशेबानं २०४५ च्या आधी मोकळा होत नाही. म्हणूनच हौशी मंडळी अख्खा गेम न वाटता फक्त बदललेल्या बाइटांची 'पॅच' फाइल वाटतात. ती ज्याच्याकडे प्रत आहे त्यानं आपल्या प्रतीला लावायची.

शेवटचा समज मला सगळ्यात जास्त टोचतो : 'हे जपानी-अमेरिकन लोकांचं काम, मराठीत गेम होणं शक्य नाही.' जपानीतला 'मदर ३' चाहत्यांनी स्वतः भाषांतर करून ऑक्टोबर २००८ मध्ये इंग्रजीत उपलब्ध करून दिला. निन्टेंडोनं तो इंग्रजीत काढलाच नव्हता. मराठीची अडचण खरी आहे, पण ती मोजता येणारी आहे. ८ ठिपक्यांच्या उंचीतली एक ओळ शिरोरेषा खाते, वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, मग मधल्या अक्षराला चार-पाच ठिपके उरतात. त्यात 'घ' आणि 'ध' वेगळे दिसत नाहीत. म्हणून दोन टाइला उभ्या जोडून १६ ठिपक्यांचं अक्षर घ्यावं लागतं, आणि मजकूर छापणाऱ्या प्रोग्रामला प्रत्येक ओळीसाठी दोन रांगा भरायला शिकवावं लागतं. चित्रांच्या ८ केबीत एकूण ५१२ टाइला मावतात. त्यातल्या निम्म्या सहसा पार्श्वभूमीच्या, आणि त्यातच विटा, पाइप, ढग बसवायचे. मुळाक्षरं, काना-मात्रा आणि नेहमीची जोडाक्षरं घेतली तर कोणती ठेवायची आणि कोणती हलन्त लावून भागवायची, याची यादी करायला एक वही आणि एक रविवार पुरतो. सुरुवात 'टँक'पासून करावी, त्यात शब्दच फार थोडे आहेत.