चाळीस फुटांचा पट आणि न संपणारी गोष्ट

हैदराबादहून सुमारे शंभर किलोमीटरवर, सिद्दीपेट जिल्ह्यात चेरियाल हे गाव आहे. येथील नक्काशी चित्रकार खादीच्या कापडावर चिंचोक्याची खळ, पांढरी माती आणि तांदळाची पेज यांचे थर देतात, ते वाळवतात आणि मग त्यावर लालभडक पार्श्वभूमीची चित्रे रंगवतात. पट जेमतेम तीन फूट रुंद असला, तरी लांबीला तो चाळीस फूट किंवा त्याहूनही अधिक भरतो. त्यावर एकाखाली एक चौकटी असतात. पूर्वी हा पट भिंतीवर लावण्यासाठी बनत नसे. कथेकऱ्यांची मंडळी तो गावोगावी नेत, रात्री उभा करीत आणि गोष्ट पुढे सरकेल तसतसा उलगडत जात. एका रात्रीत कथा संपत नसे. अनेक रात्री ती चाले आणि गाव रोज येऊन बसे.

विशेष म्हणजे बसणाऱ्यांना ती गोष्ट शेवटापर्यंत ठाऊक असे. आजोबांनी ऐकलेली, वडिलांनी ऐकलेली, स्वतः दोन-चारदा ऐकलेली कथा पुन्हा ऐकण्यासाठी माणसे झोपमोड का करीत असतील? दीर्घ कथांच्या आकर्षणाचा विचार करताना पराक्रम, अद्भुत आणि युद्धे ही उत्तरे नेहमी पुढे येतात. ती चुकीची नाहीत. परंतु शेवट माहीत असलेल्या श्रोत्याचे कोडे त्यांनी सुटत नाही. ते सोडवायचे तर चेरियालच्या पटावर नेमके काय रंगवले जाई आणि कोणासाठी, हे पाहावे लागते.

पटावर रामायण-महाभारतही असे. पण तेलंगणातील ही परंपरा मुख्यतः जातिपुराणांची आहे. प्रत्येक कष्टकरी समाजाचे स्वतःचे पुराण आणि ते सांगणारी स्वतंत्र मंडळी, अशी तिची रचना. विणकर पद्मशाली समाजाला कूनपुली मंडळी मार्कंडेय पुराण सांगतात. त्यात मार्कंडेयाच्या यज्ञातून जन्मलेला भावनाऋषी कमळाच्या तंतूंपासून देवांसाठी पहिले वस्त्र विणतो. मागावर दिवसभर पाय मारून थकलेला माणूस रात्री ऐकतो ते हे, की देव उघडे होते आणि आपल्या पूर्वजाने त्यांना झाकले. ही कथा महाराष्ट्राला अपरिचित नाही. तेलंगणातून येऊन सोलापुरात स्थिरावलेला पद्मशाली समाज आजही नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ काढतो.

मादिगा समाजाचे जांबपुराण याहून धीट आहे. डक्कली मंडळी ते सांगतात. रामायणातला वृद्ध अस्वल एवढीच ज्याची ओळख शालेय पुस्तकांत उरली, तो जांबवंत या कथेत पृथ्वी निर्माण होण्याआधीपासून आहे. सगळ्या देवांच्या आधीचा तो आणि आपण त्याचे वंशज, असे ही कथा सांगते. गावकुसाबाहेर राहावे लागलेल्या माणसाला विश्वाच्या उगमापाशी जागा देणारी ही गोष्ट आहे. मराठवाड्यातील डक्कलवारही मातंग समाजाकडे जाऊन वंशकथा सांगत आले आहेत, आणि मातंगांच्या परंपरेत जांबऋषी हाच मूळ पुरुष. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि तेलंगण हैदराबाद या एकाच राज्यात होते, हे लक्षात घेतले की या साम्याचे फारसे आश्चर्य वाटत नाही. राज्याची सीमा नंतर आखली गेली. कथेकऱ्यांच्या वाटा जुन्या होत्या.

तोच प्रकार मल्लन्नाचा. डमरूला ‘ओग्गू’ म्हणतात, म्हणून या कथनप्रकाराला ओग्गू कथा म्हणतात. ती सांगणारे प्रामुख्याने मेंढपाळ कुरुमा समाजातील. कोमुरवेल्लीचा मल्लन्ना हा त्यांचा मोठा नायक. त्याच्या दोन बायका: एक बलिजा कुळातली मेडलम्मा, दुसरी गवळ्या-मेंढपाळांतली केतम्मा. जेजुरीचा खंडोबा, त्याची वाण्याची म्हाळसा आणि धनगराची बाणाई ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही कथा वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. व्यापारी आणि मेंढपाळ हे दोन समाज एकाच देवाच्या घरात नांदावेत आणि सवतींच्या भांडणातून दोघांचेही ऐकले जावे, ही सोय या कथेने केली आहे. नायक महान आहे म्हणून ती टिकली असे म्हणणे अपुरे होईल. ऐकणाऱ्याचे घर तिच्यात सापडते, म्हणून ती टिकली.

दीर्घ कथेला इंग्रजीत ‘सागा’ म्हणतात. हा शब्द आइसलँडचा आणि त्याचा मूळ अर्थ ‘सांगितलेले’ एवढाच. मराठीतली ‘कथा’देखील सांगणे याच अर्थाच्या धातूपासून आली आहे. मध्ययुगात लिहिल्या गेलेल्या त्या आइसलँडी सागांत राजे कमी आणि शेतकरी कुटुंबे अधिक आहेत. त्यांची वैरे, लग्ने, जमिनीचे वाद, कोण कोणाचा मुलगा. थंडीच्या लांब रात्री आपल्याच पूर्वजांची नावे ऐकणारा तिकडचा श्रोता आणि पटासमोर बसलेला पद्मशाली विणकर यांच्यात जेवढे अंतर वाटते तेवढे नाही.

अशा कथेचा दुसरा गुण हा की तिला एक लेखक पुरत नाही, आणि तिला त्याची गरजही नसते. तेलुगू महाभारत तीन कवींनी तीन शतकांत पुरे केले. अकराव्या शतकात राजमहेंद्रीच्या दरबारी नन्नय्याने सुरुवात केली आणि अरण्यपर्वाच्या मध्यावर काव्य थांबले. तेराव्या शतकातील तिक्कनाने ते अर्धे पर्व तसेच सोडून थेट विराटपर्वापासून शेवटापर्यंत मजल मारली. अरण्यपर्व लिहिणे अशुभ अशी समजूत यामागे असल्याचे सांगतात. उरलेला तुकडा चौदाव्या शतकात एर्रनाने पुरा केला. तेलुगू वाचक या तिघांना मिळून ‘कवित्रय’ म्हणतात.

गोमंतकात याहून विलक्षण गोष्ट घडली. १६१६ साली राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. बायबलची कथा, पण मराठीत, ओवीछंदात, सुमारे अकरा हजार ओव्यांची. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे सुटली होती आणि वाचायला-ऐकायला त्या जागी काही नव्हते, ही उणीव ग्रंथातच नोंदवलेली आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या जेजुइटाला उमगले ते एवढेच: धर्म बदलता येतो, पण रात्री बसून ओव्यांतून पुराण ऐकण्याची भूक बदलत नाही. कोंकणी शब्दांची पेरणी असलेल्या त्या मराठीने ही भूक बराच काळ भागवली.

हैदराबाद शहराच्या आत मात्र दीर्घ कथेचा आणखी एक प्रवाह होता, फारसीतून आलेला. ‘किस्साख्वान’ हे तेथे व्यवसायाचे नाव होते. सतराव्या शतकात हाजी हमदानी हा इराणी किस्साख्वान कुतुबशाही दरबारी होता आणि त्याने अमीर हमज़ाच्या कथांचे संकलन केले. गोवळकोंड्याच्याच मुल्ला वजहीने १६०९ साली दखनी भाषेत ‘कुत्ब मुश्तरी’ हे प्रेमाख्यान रचले होते. हमज़ाची दास्तान पुढे उर्दूत इतकी वाढली, की लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिचे सेहेचाळीस खंड काढले. कोणी ते सगळे वाचत असेल काय, हा प्रश्न सुचणे साहजिक आहे. पण दास्तान संपवण्यासाठी नसतेच. ती चालू राहावी म्हणून असते.

त्या खंडांतील ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ने तर पुस्तकांच्या निराळ्याच जातींना जन्म दिला. मायावी किल्ले, वेषांतर करणारे ऐयार, गुंगीची औषधे हे सामान देवकीनंदन खत्रींच्या ‘चंद्रकांता’ने हिंदीत आणले आणि त्या कादंबरीने हिंदीला वाचक मिळवून दिले. ऐयार म्हणजे चतुर हेर. त्याची झोळी काढून हातात पिस्तूल दिले, की रहस्यकथेतला गुप्तहेर तयार होतो. उर्दू रहस्यकथांचे सम्राट इब्ने सफी यांनी लहानपणी होशरुबाचे खंड वाचल्याचे स्वतःच सांगितले होते. मराठीतल्या आरंभीच्या ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनीही असेच काम केले; त्यांच्यावर टीका पुष्कळ झाली, तरी कादंबरी नावाच्या वस्तूची गोडी वाचकाला लावण्यात त्यांचा वाटा आहे.

गंभीर कादंबरीही याच वाटेने गेली. विश्वनाथ सत्यनारायण यांची ‘वेयि पडगलु’ ही तेलुगूतील महाकादंबरी. नावाचा अर्थ हजार फणा. एका गावाचे ग्रामदैवत असलेल्या नागाच्या हजार फणा एकेक करून गळत जातात आणि त्याबरोबर गावाची जुनी घडी विसकटते, असे तिचे सूत्र. ती हिंदीत ‘सहस्रफण’ या नावाने १९६८ साली आणली पी. व्ही. नरसिंह राव यांनी. आंध्र प्रदेशच्या मंत्रिमंडळात असताना इतका मोठा ग्रंथ अनुवादित करणारा राजकारणी आज शोधावा लागेल. याच नरसिंह रावांनी हरी नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ तेलुगूत नेली. यमूची ती कहाणी मराठी वाचकाने आधी ‘करमणूक’मधून क्रमशः वाचली होती. रात्रीमागून रात्र ऐकायची गोष्ट आठवड्यामागून आठवडा वाचायची झाली होती, एवढाच फरक. रामटेकमधून दोनदा लोकसभेत गेलेल्या या नेत्याचे मराठीशी नाते मतदारसंघापुरते नव्हते, हे या अनुवादावरून दिसते.

१९६७ साली आलेल्या शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’चे यश याच प्रकाशात पाहता येते. कर्णाचे काय होते हे न जाणणारा मराठी वाचक तेव्हा नव्हता, आताही नाही. सावंतांनी कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण यांना स्वतःच्या तोंडून बोलते केले. त्याच वर्षी इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ आले. तेही महाभारतच, पण समाजशास्त्रज्ञाच्या कोरड्या, निर्दय नजरेचे. एकाच कथेतून एकाच वर्षी दोन परस्परविरुद्ध स्वभावांची पुस्तके निघतात आणि दोन्ही टिकतात. जांबवंताला आरंभी आणून बसवणाऱ्या डक्कली कथेकऱ्याने हेच तर केले होते: चौकट तीच ठेवून बसण्याची जागा बदलली.

आज हैदराबाद म्हटले की महाकथा म्हणून ‘बाहुबली’ आठवतो. रामोजी फिल्म सिटीत उभारलेल्या माहिष्मतीने २०१५ साली प्रेक्षकांना एका प्रश्नावर सोडले आणि उत्तरासाठी २०१७ पर्यंत थांबवले. तंत्र नवे होते. रात्र ऐन भरात आली असता पट गुंडाळून ठेवण्याची युक्ती मात्र जुनी. आनंद नीलकंठन यांनी मग शिवगामीच्या पूर्वायुष्यावर कादंबऱ्या लिहिल्या. येथे पुस्तकावरून चित्रपट निघण्याचा नेहमीचा क्रम उलटला, आणि वाचकांना त्यात काही वावगे वाटले नाही.

पण माहिष्मती कोणत्याही एका समाजाची नाही. तिच्यात सगळ्यांना प्रेक्षक म्हणून जागा आहे, वंशज म्हणून कोणालाही नाही. पुराण सांगणाऱ्या मंडळींना ठरावीक गावांचा वंशपरंपरागत हक्क असे. ते आले की त्या समाजाने धान्य, पैसे, कधी जनावर द्यायचे. पट जीर्ण झाला तर विधिपूर्वक नदीत सोडायचा आणि चेरियालला नवा सांगायचा, अशी रूढी होती. मागावरचा माणूस कारखान्यात गेला, गावातला शहरात गेला, तेव्हा देणारा हात आखडला. जातीशी बांधलेली ही व्यवस्था तशीच टिकावी असे कोणी म्हणणार नाही. तिच्याबरोबर एका समाजाची स्वतःबद्दलची कथा सांगणारा माणूसही जातो, ही अडचण मात्र खरी आहे.

गोव्याच्या वेशीपासून जवळच, कुडाळनजीकच्या पिंगुळीत ठाकर समाजाच्या चित्रकथीची हीच कहाणी आहे. कागदी चित्रांच्या पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या घरच्या गोठ्यात संग्रहालय उभे राहिले. चेरियालच्या चित्रांनाही भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तेथील चित्रकार आता प्रामुख्याने चौकटीत बसेल एवढी चित्रे, मुखवटे आणि दिवाणखान्यात ठेवायच्या बाहुल्या करतात. हैदराबादच्या हस्तकला दुकानांत त्या मिळतात. रंग तोच, लाल. चित्रात बहुधा एकच प्रसंग असतो: ताडी काढणारा, मागावर बसलेली बाई, बैलगाडी. त्याच्या आधीची आणि नंतरची चौकट विकत घेणाऱ्याने मागितलेली नसते.