215 टन दगड गेला कुठे?

ग्रॅनाइटची एक अखंड शिळा, वजन 280 टन. ती तेलंगणातल्या खम्ममहून दिल्लीला न्यायची होती, अंतर 1665 किलोमीटर. त्यासाठी 100 फूट लांब, 140 चाकांचा खास ट्रक तयार करावा लागला. शिळेचा भार सगळ्या चाकांवर सारखा वाटला तरी एकेका चाकाच्या वाट्याला 2 टन येतात, आणि ट्रकचं स्वतःचं वजन त्यात धरलेलंच नाही.

8 सप्टेंबर 2022 रोजी इंडिया गेटजवळच्या छत्रीखाली ह्याच शिळेतून कोरलेला नेताजी सुभाषचंद्र बोसांचा पुतळा उभा राहिला. ही छत्री 1968 पासून रिकामी होती. पुतळ्याची उंची 28 फूट, ती सगळ्या वर्तमानपत्रांनी छापली. वजन 65 टन. मला मात्र ह्या दोन्ही आकड्यांपेक्षा वजाबाकीतून निघणारा आकडा जास्त थक्क करतो. 280 मधून 65 गेले, उरले 215. म्हणजे शिळेचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग माणसांनी काढून टाकला, तेव्हा आतले नेताजी दिसू लागले.

इतका दगड काढावा का लागला? नेताजी सॅल्यूट करताहेत म्हणून. उजवा हात कपाळाशी गेला की कोपर अंगापासून लांब बाहेर येतं. अखंड दगडात काम करायचं तर शिळेची रुंदी त्या कोपराच्या टोकापासून धरावी लागते. मग कोपराच्या वरचा आणि खालचा, पाठीमागचा आणि पायांच्या बाजूचा सगळा दगड फक्त काढण्यासाठीच आणलेला असतो. ग्रॅनाइटचा एक घनमीटर साधारण 2.7 टन भरतो. त्या हिशेबाने काढलेला दगड सुमारे 80 घनमीटर झाला. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच अशा जवळजवळ तीन खोल्या जमिनीपासून छतापर्यंत गच्च भरतील.

ह्या कामाला 26,000 मनुष्य-तास लागले. एकट्या माणसाने रोज आठ तास काम केलं आणि एकही सुट्टी घेतली नाही, तरी त्याची जवळजवळ नऊ वर्षं गेली असती. प्रत्यक्षात जानेवारी 2022 मध्ये घोषणा झाली आणि सप्टेंबरात अनावरण. तासाला सरासरी आठ किलो दगड निघाला, पण ह्या सरासरीवर जाऊ नये. सुरुवातीला पाचरा मारून, यंत्राने कापून मोठमोठे तुकडे निघतात. नाक, ओठ, बोटं आली की तासन्‌तास काम चालतं आणि खाली पडते ती फक्त भुकटी. ग्रॅनाइटच्या ह्या भुकटीत सिलिका असते. तोंडावर चांगला मास्क नसेल तर ती फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. काढलेला दगड कुठे गेला हा प्रश्न मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

दगडावर काम करणाऱ्या ह्या चमूचे प्रमुख म्हैसूरचे अरुण योगिराज. आजोबा बसवण्णा शिल्पी म्हैसूरच्या राजघराण्याच्या आश्रयाने काम करणारे, वडीलही शिल्पकार. अरुण एमबीए झाले, काही काळ नोकरी केली आणि 2008 पासून पूर्णवेळ छिन्नी हातात घेतली.

म्हैसूरच्या पाथरवटाला दोन स्वभावांचे दगड हाताळावे लागतात. ग्रॅनाइटमधल्या क्वार्ट्‌झची कठीणता मोहस मापावर 7, साध्या पोलादाची त्याहून कमी. त्यामुळे टाकी दगडाला झिजवते तसा दगडही टाकीला झिजवतो. चामुंडी टेकडीवरचा नंदी ह्याच जातीच्या कठीण दगडाचा. 17 व्या शतकात, दोड्ड देवराज वोडेयरांच्या काळात, जागेवरच्या एकाच खडकातून तो कोरला. सुमारे 16 फूट उंच आणि 25 फूट लांब. दुसरा दगड मऊ, काळसर, बारीक कणांचा. त्याला कृष्णशिला म्हणतात. ह्याच्याच भावकीतल्या दगडात सोमनाथपूरचं 1258 सालचं केशव मंदिर आहे, म्हैसूरपासून पस्तीसेक किलोमीटरवर. तिथले मूर्तींचे दागिने पाहिले की छिन्नीची हालचाल मिलिमीटरमध्ये मोजावी लागते हे कळतं. अयोध्येची 22 जानेवारी 2024 रोजी प्रतिष्ठापना झालेली रामलल्लाची मूर्तीही म्हैसूर भागातल्या कृष्णशिलेची. उंची 51 इंच. तिचे डोळे कोरायला योगिराज यांनी सोन्याची छिन्नी आणि चांदीचा हातोडा वापरला. दिल्लीत तीन खोल्या भरतील एवढा दगड काढणाऱ्या हाताने इथे एका पापणीसाठी श्वास रोखायचा, ह्या दोन टोकांमधलं अंतर मला 1665 किलोमीटरहून मोठं वाटतं.

अखंड दगड कोरण्याच्या नेमकी उलटी वाट म्हणजे तुकडे जोडून पुतळा उभारणं. त्यासाठी आता फ्रान्सच्या फ्रेडरिक ऑग्युस्त बार्तोल्दीकडे वळू. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा त्याचा. पायापासून मशालीपर्यंत 46 मीटर, नेताजींच्या पाचपटीहून उंच. पण तांब्याच्या पत्र्याची जाडी जेमतेम 2.4 मिलिमीटर! सगळं तांबं मिळून 27 टनांच्या आसपास, आणि गुस्ताव्ह आयफेलने आखलेला आतला सांगाडा धरला तरी एकूण सुमारे 140 टन. खम्ममची शिळा ट्रकवर चढली तेव्हा ह्याच्या साधारण दुप्पट जड होती. बार्तोल्दीने लहान नमुना टप्प्याटप्प्याने वाढवला, लाकडी साच्यांवर पत्रे ठोकून घेतले, मग साधारण 350 तुकडे 214 पेट्यांत भरून 1885 साली जहाजाने अमेरिकेला धाडले. ही बुद्धी अफाट आहे. गुजरातेत 182 मीटर उंचीचे सरदार पटेल घडवणाऱ्या आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांची वाटही जोडणीचीच, आत काँक्रीट आणि बाहेर कांस्याचं कवच.

जोडकामात पत्रा बिघडला तर दुसरा ठोकता येतो. अखंड दगडात ती सोयच नाही. शेवटच्या महिन्यात बोटाजवळ एखादी शीर उघडली, कपची चुकीची उडाली, तर 280 टनांचा प्रवास आणि हजारो तासांची मेहनत वाया. म्हणून आकारात सहज मागे पडणारा हा पुतळा मला जोखमीच्या मापाने फार मोठा वाटतो.

ही जोखीम ज्यांनी सर्वांत मोठ्या मापावर पत्करली त्यांचं काम म्हैसूरहून एका दिवसात पाहून येता येतं. श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर अखंड ग्रॅनाइटमध्ये सुमारे 57 फूट उंच आहे, नेताजींच्या दुप्पट. उंची, रुंदी आणि जाडी अशी तिन्ही मापं दुप्पट झाली की दगड आठपट होतो. दहाव्या शतकाच्या अखेरीस गंगांचा मंत्री चामुंडराय याने डोंगरमाथ्यावरच्या खडकातून तो कोरवून घेतला. यंत्र नाही, कार्बाइडच्या टोकाची छिन्नी नाही, धार गेली की भट्टीत तापवून पुन्हा पाणी द्यायचं. त्याच्या पायाशी ‘श्री चावुण्डराजें करवियलें’ अशी मराठी ओळ आहे. मराठीतल्या जुन्यात जुन्या कोरीव ओळींत ती गणली जाते. तिच्यात करवून घेणाऱ्याचं नाव आहे. टाकी चालवणारे किती होते, किती वर्षं खपले, ह्याची नोंद नाही.

नेताजींच्या पुतळ्याच्या सरकारी माहितीत मनुष्य-तास छापले गेले हे मला फार मोलाचं वाटतं. पुतळ्याच्या पाटीवर उंचीच्या शेजारी तो 26,000 चा आकडा कोरावा, आणि त्याखाली दगडावर काम केलेल्या प्रत्येकाचं नाव. एवढी शिळा आणवता येते, तर तेवढ्या नावांना जागा काढणं अवघड नाही.