बुडिताच्या गावातली राखण

कृष्णा-पंचगंगेच्या काठावरची गावं पावसाळ्यात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीचा आकडा विचारत उठतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पण गाव हलायला धोक्याची वाट बघत नाही, आणि हलण्याचा क्रमही ठरलेला असतो. पहिल्यांदा नदीवरच्या मोटारी निघतात. पाणी चढायच्या आत मोटार वर ओढली नाही तर गाळ भरून ती कामातून जाते. मग गोठा सुटतो. म्हशी पाहुण्यांच्या गावाकडं, नाहीतर जयसिंगपूरच्या बाजूच्या उंचवट्याकडं चालू लागतात. धान्याची पोती माळ्यावर चढतात. दागिने आणि कागदांची पिशवी घरातल्या एखाद्या भरवशाच्या बाईच्या हाती जाते. म्हातारीकोतारी आणि पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतात. एवढं होऊनही दोन-चार घरांमागं एखादा गडी मागं राहतोच, कुणाच्या तरी माडीवर किंवा गच्चीवर.

त्याला बाहेर काढताना बोटीतल्या जवानांचा घसा बसतो आणि बातमीत तो ‘हट्टी’ ठरतो. मला हा शेरा अन्यायाचा वाटतो. हा गडी काय राखत बसलेला असतो ते बघा. एक चांगली म्हैस आज लाखाच्या घरात जाते आणि दर दहा दिवसांचं दुधाचं बिल हेच घरातलं रोख उत्पन्न असतं. रानातला ऊस दीड वर्षाचा असला तरी त्याचे पैसे कारखान्याची तोड आल्यावर मिळणार. शेंडा पाण्याखाली जाऊन काही दिवस राहिला की तो ऊस उभ्या जागी कुजतो, आणि महाराष्ट्रात पीक विम्याच्या यादीत ऊस नाही. राहतं घर गावठाणात असतं, आणि गावठाणातल्या घरावर कर्ज द्यायला बँक सहसा तयार नसते. म्हणजे त्याची सगळी मिळकत मैलभराच्या आत असते, पाण्यात जाणारी असते आणि तिला विमा नसतो. तिचा विमा म्हणजे गच्चीवर बसलेला हा गडीच.

शिरोळ तालुका कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांचा. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम होतो. पाणी दत्ताच्या पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडलं की ‘दक्षिणद्वार’ म्हणून लोक स्नानाला गर्दी करतात. ज्या पाण्यासाठी भाविक वाडीत येतात, त्याच पाण्यानं दोन कोसांवरची गावं रिकामी होत असतात, हे इथल्या माणसाला विसंगत वाटत नाही. इथला पूर डोंगरी ओढ्यासारखा अंगावर येत नाही. पुढं नदीला उतार कमी, त्यामुळं पाणी हळू चढतं, मुक्काम ठोकतं आणि उतरायला दिवसचे दिवस घेतं. हळू चढणारं पाणी माणसाला ‘अजून एक दिवस बघू’ म्हणायला लावतं, आणि फसगत तिथंच होते. २००५ ला पाणी जिथवर आलं ती खूण लोकांनी भिंतीवर रंगवून ठेवली होती. त्या खुणेच्या भरवशावर २०१९ ला पुष्कळजण थांबले. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्याची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या भिंतीचा पुराशी किती संबंध, यावर इथल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर एक तज्ज्ञ सापडतो, म्हणून तो वाद इथं नको.

पाणी उतरलं की दुसरी परीक्षा सुरू होते. मातीच्या भिंती पाण्यात असेपर्यंत उभ्या असतात आणि ऊन लागल्यावर ढासळतात. पंचनाम्याला माणूस येतो आणि कागद मागतो. इथं गावच्या मालकीची गंमत उघडी पडते. शेताला सात-बारा असतो, आठ-अ असतो, फेरफार असतो. घराला मात्र बहुतेक गावांत ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा तेवढा असतो, आणि तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. लहान गावांच्या गावठाणाची रीतसर मोजणीच झालेली नव्हती. कुणाचं घर कुठपर्यंत, हे ‘आमच्या आज्यापासनं’ या दोन शब्दांवर आणि शेजाऱ्याच्या मान हलवण्यावर ठरायचं. २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना आली, ड्रोननं गावठाणं मोजायला सुरुवात झाली आणि घरांना मालमत्ता पत्रक मिळू लागलं. पण ड्रोनला वरून छप्पर दिसतं, छपराखाली तीन भावांच्या तीन चुली आहेत ते दिसत नाही. सात-बाराचंही तसंच. महसुली नोंद म्हणजे मालकी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं अनेकदा सांगितलं आहे. तरी गावात भांडण झालं की पहिल्यांदा हातात फडकतो तो सात-बाराच.

मग कागद नव्हते तेव्हा गाव काय करत होतं? त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ १९१५ साली आलं. महसूल खात्यात काम केलेल्या या माणसानं गावाचं जे वर्णन केलंय त्यात भाबडेपणा नाही, म्हणून ते अजून वाचण्याजोगं आहे. चोरी झाली की जागल्यानं, म्हणजे गावच्या राखणदारानं, माग काढायचा. पावलांचा माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवला की जबाबदारी त्या गावावर. तिथल्या जागल्यानं तो पुढं न्यायचा किंवा भरपाईला तयार राहायचं. आमच्या भागात हे काम करणाऱ्याला तराळ म्हणत. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष मोलाची धरली जाई, कारण गावाची हद्द पायाखालून त्याच्याइतकी कुणाच्याच गेलेली नसे. ज्याला गावाच्या आत घर बांधू दिलं जात नव्हतं, त्याच्याच शब्दावर गावाची हद्द उभी होती! जुन्या गावगाड्याच्या आठवणीनं गळा काढणाऱ्यांनी एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुरे.

या राखणीचा मोबदला वतन-इनामात आणि बलुत्यात होता, आणि त्याच्या बदल्यात वेठबिगारी होती. करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतनं खालसा करून जमिनी रयतावा केल्या. त्याच सुमारास वंशपरंपरेचे कुलकर्णी जाऊन पगारी तलाठी आले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९१७ साली, आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं महाराजांनी जयसिंगपूर वसवलं. आखीव रस्ते, क्रमांकाच्या गल्ल्या, मोजलेले प्लॉट. तालुक्यातल्या गावठाणांना जे शंभर वर्षांनी ड्रोननं मिळालं, ते या बाजारपेठेला जन्मतःच मिळालं होतं. स्वातंत्र्यानंतर बाकीचा गाडाही सुटा झाला. मुलकी पाटलांची वतनी पदं १९६२ च्या कायद्यानं संपली आणि १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्यानं आजचा, नेमणुकीचा पोलीस पाटील आला. मानधन थोडं, अंगावर काम पुष्कळ, आणि पूर आला की पहिला फोन त्यालाच.

जगाच्या पाठीवर असा गाडा आपल्याकडंच होता असं नाही. इंडोनेशियातल्या जावा बेटावर भातशेतीच्या गावांत गावकारभाऱ्यांना पगाराऐवजी कसायला जमीन देत. तिला बेंगकोक म्हणतात, आणि आपल्या पाटील-कुलकर्ण्याच्या वतनाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. फरक एवढाच की ती पदाबरोबर जाते, घराण्यात मुरत नाही. रात्रीची गस्त तिथं घरटी पाळीनं असते. गस्तीच्या चौकीवर पोकळ लाकडाचा केंतोंगान टांगलेला असतो. चोर, आग, पूर, मयत अशा प्रत्येक प्रसंगाचे ठोके वेगळे, आणि झोपेतला माणूसही ठोक्यावरून ओळखतो की काठी घ्यायची की बादली. काही गावांत घराबाहेर छोट्या डब्यात चिमूटभर तांदूळ ठेवतात आणि गस्तवाले जाता जाता तो गोळा करतात. तांदूळ गावाच्या खर्चाला लागतो आणि गस्त खरंच दारावरून गेली याची पोचही होते. जमिनीचा कागद मात्र त्यांचाही आपल्यासारखाच. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी गावच्या वहीतल्या नोंदीवर आणि कराच्या पावतीवर शेती केली. १९६० मध्ये त्यांचा मूलभूत जमीन कायदा आला, तरी प्रमाणपत्रं घरोघर पोचवायची मोठी मोहीम निघायला २०१७ उजाडलं. जावाशी आमचं नातं तसं जुनं आहे. गुळाच्या कोल्हापूरनं एके काळी डोक्यावर घेतलेला पीओजे २८७८ हा ऊस तिथल्याच संशोधन केंद्रातला, आणि पुढं गाजलेला को ४१९ त्याचाच वंशज.

आता आमच्याकडं ठोके नाहीत, मोबाइल आहे. एका क्रमांकावर फोन केला की गावातल्या सगळ्यांना एकाच वेळी फोन जातो, अशी ग्रामसुरक्षा यंत्रणा बऱ्याच गावांनी घेतली. चौकात कॅमेरे आले. चोर मात्र चौकात येत नाही, तो रानात जातो. मोटारीची केबल कापून त्यातलं तांबं काढायचं, स्टार्टर उचलायचा, काम अर्ध्या रात्रीचं. चोराला त्यात फार मिळत नाही, पण ऐन उन्हाळ्यात पाण्याची पाळी चुकली की शेतकऱ्याचं नुकसान केबलच्या किमतीच्या कितीतरी पट होतं. दुसरी लूट दिवसाढवळ्या होते. ऊसतोडीची टोळी आणतो म्हणून मुकादम लाखांनी उचल घेतो आणि हंगामाच्या तोंडावर फोन बंद करतो. वाहनमालक कर्जाच्या हप्त्यात अडकतो. ही फसवणूक कोल्हापूर-सांगलीत इतकी चालते की उचल देणं हा आता जुगारच झालाय.

घरच्यांनी घेतलेल्या हिश्शाची मात्र फिर्याद होत नाही. महाराष्ट्रानं १९९४ ला आणि केंद्रानं २००५ ला मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका वाटा दिला. तरीही गावात बहिणीचं नाव सात-बाऱ्यावर चढतं ते बहुधा हक्कसोडपत्रावर तिची सही घेण्यापुरतंच. बांधाचे तंटे तर पिढ्या खातात. दरवर्षी नांगरताना एक-एक तास बांध कोरायचा, आणि दहा वर्षांनी शेजाऱ्याचा गुंठा आपल्यात. पुरानंतर बांधच वाहून गेला की मोजणीच्या अर्जांचा ढीग लागतो. १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. पाटलांच्या पुढाकारानं तंटामुक्त गाव मोहीम निघाली तेव्हा कमानी उभ्या राहिल्या, बक्षिसंही मिळाली, आणि बरेच तंटे कमानीखालून तसेच पुढं गेले. त्या मानानं २०२३ ची सलोखा योजना मला जास्त व्यवहारी वाटते. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं बारा वर्षांहून जास्त चाललं असेल तर हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणी भरून अदलाबदल करता येते. कोण खरं हे ती विचारत नाही, म्हणून दोघंही येतात.

आणि शेवटी एक हानी अशी की तिची फिर्याद कुणावर करायची तेच कळत नाही. शिरोळच्या काळ्या रानात पाटपाण्यावर आणि उपसा योजनांवर वर्षानुवर्षं ऊसच ऊस झाला, खालचं पाणी वर आलं आणि त्याबरोबर क्षार आले. जमीन मालकाच्या नावावर, सात-बारा स्वच्छ, आणि रानावर पांढरी पापडी. असं रान गहाण घ्यायला कुणी तयार नसतं. शिरोळच्या दत्त साखर कारखान्यानं सच्छिद्र पाइपांच्या भूमिगत निचऱ्याचं काम हातात घेतलं आणि पडीक रानं पुन्हा पिकाखाली आली. जमिनीत चार-पाच फुटांवर पाइप गाडायचे, पाणी मुख्य नळीत आणायचं आणि नळी ओढ्यात सोडायची, एवढंच तंत्र. अडचण तंत्राची नव्हती. मुख्य नळी ओढ्यापर्यंत न्यायला खालच्या सगळ्या रानांतून वाट लागते, आणि ज्याचं रान अजून चांगलं आहे त्याला ती वाट द्यायची घाई नसते. त्यामुळं अशा ठिकाणी पाइपांच्या आधी बैठका होतात. खर्च एकराप्रमाणं वाटला जातो, नळी तुंबली तर कुणी उकरायची हे लिहून घेतलं जातं आणि प्रत्येक बांधावरच्या मालकाची सही होते. ज्यांच्यात नांगराच्या पाच तासांएवढ्या बांधावरून दावा चालू आहे, तेही त्या कागदावर एकाखाली एक सह्या करतात, आणि दाव्याची पुढची तारीख न चुकता पाळतात.