तंबू दोघांचा, जमीन कोणाची?

साउथ डाकोटा राज्यातील बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानात सेज क्रीक नावाचा एक तळ आहे. डांबरी रस्ता सोडून धुळीच्या कच्च्या वाटेने तेथे पोहोचावे लागते. पिण्याचे पाणी नाही, वीज नाही, शेकोटी पेटविण्यास मनाई आहे आणि पहाटे तंबूबाहेर डोकावले तर समोर बायसनांचा कळप चरत असण्याची शक्यता बरीच. उद्यानाचे प्रवेशशुल्क भरले की तंबू ठोकण्याचे वेगळे भाडे मात्र एक सेंटही नाही. गाडीत तंबू, स्लीपिंग बॅगा आणि छोटी शेगडी टाकून अमेरिकेची राज्ये पालथी घालायला निघालेले एखादे जोडपे पहिली रात्र येथे काढते. दोन दिवसांनी तेच जोडपे यलोस्टोनच्या दारात पोहोचते, तेव्हा आगाऊ आरक्षण नसल्यास ऐन उन्हाळ्यात त्याला बहुधा परत फिरावे लागते. आणि आणखी पुढे नेवाडाच्या वाळवंटात शिरल्यावर कोणालाही न विचारता, कोणालाही पैसे न देता, एकाच परिसरात तब्बल १४ दिवस मुक्काम ठोकण्याची त्याला मुभा असते.

एकाच देशात तीन रात्रींचे हे तीन न्याय कसे, हा प्रश्न पहिल्यांदा तंबू घेऊन निघालेल्या प्रत्येकाला पडतो. त्याचे उत्तर निसर्गात नसून सातबाऱ्यात आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

अमेरिकेच्या नकाशावर साधारण शंभराव्या रेखांशापाशी एक अदृश्य रेघ आहे. तिच्या पूर्वेला पाऊस पुरेसा, जमीन सुपीक आणि जवळजवळ सगळी खासगी. पश्चिमेला पाऊस तोकडा आणि जमीन मोठ्या प्रमाणावर केंद्र सरकारच्या मालकीची. नेवाडा राज्याची सुमारे ८० टक्के आणि युटाची सुमारे ६३ टक्के भूमी केंद्राच्या ताब्यात आहे. मक्याच्या शेतांनी भरलेल्या आयोवात हे प्रमाण एक टक्कादेखील नाही. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने सरकारने जो कसेल त्याला १६० एकर जमीन देऊ केली. पाच वर्षे राहायचे, जमीन कसायची आणि मालक व्हायचे. आयोवात १६० एकरांवर कुटुंब सुखाने जगत होते. नेवाडात तेवढ्या जमिनीवर गुरांचा एक लहानसा कळपही धड जगला नसता. साहजिकच पश्चिमेची कोरडी जमीन फारशी कोणी मागितली नाही आणि ती सरकारकडेच पडून राहिली. पुढे १९७६ च्या कायद्याने ही जमीन यापुढे वाटून न टाकता राष्ट्राच्या मालकीची म्हणून राखायची, असे धोरण ठरले.

आज या जमिनीचे निरनिराळे कारभारी आहेत आणि प्रवाशाने ते ओळखायला शिकणे अगत्याचे आहे. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याकडे सुमारे २४ कोटी ५० लाख एकर भूमी आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून अधिक. वन खात्याकडे सुमारे १९ कोटी ३० लाख एकर राष्ट्रीय वने आहेत. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडे त्यामानाने कमी, पण सर्वांत देखणी. पहिल्या दोन खात्यांच्या जमिनीवर, मनाईचा फलक नसेल तेथे, सोयीसुविधांविना तंबू ठोकता येतो. साधारण १४ दिवसांनंतर जागा सोडावी लागते. राष्ट्रीय उद्यानात मात्र ठरवून दिलेल्या तळावरच गाडीशेजारी तंबू लावायचा. नकाशावर हिरवे दिसले म्हणून थांबलो आणि मध्यरात्री रेंजरने उठवून दंडाची पावती दिली, या अनुभवाच्या मुळाशी बहुतेक वेळा हा खातेभेदच असतो.

येथे एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ‘कोणी मागितली नाही’ हे वर्णन गोऱ्या वसाहतकारांपुरतेच खरे आहे. ती भूमी ओस नव्हती. बॅडलँड्सच्या पश्चिमेला ब्लॅक हिल्स हा डोंगराळ प्रदेश लागतो. माउंट रशमोरवरील चार अध्यक्षांचे चेहरे पाहायला जाणारा प्रत्येक तंबूवाला येथेच उतरतो. १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहाने हा प्रदेश लाकोटा लोकांना कायमचा दिला होता. तेथे सोने सापडले आणि तह मोडला गेला. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन बळकावल्याबद्दल व्याजासह दहा कोटी डॉलर्सहून अधिक भरपाई मान्य केली. लाकोटांनी ती आजतागायत स्वीकारलेली नाही. पैसे नकोत, जमीन हवी, हे त्यांचे म्हणणे. बॅडलँड्स उद्यानाचा दक्षिण भागही पाइन रिज या ओग्लाला लाकोटांच्या राखीव प्रदेशातच मोडतो. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकीच्या सरावासाठी तेथील कुटुंबांना हलविण्यात आले होते.

सार्वजनिक जमिनीवरचा हक्क तंबूवाल्यांनाही कायमचा मिळालेला आहे असे नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात पश्चिमेकडील २० ते ३० लाख एकर केंद्रीय जमीन विकण्याचा प्रस्ताव सिनेटमध्ये पुढे आला. शिकारी, गळ टाकणारे, गिर्यारोहक आणि तंबूवाले अशा एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या मंडळींनी एकत्र येऊन त्याला विरोध केला आणि जूनअखेर तो मागे घेण्यात आला.

आता ठरवून दिलेल्या तळांकडे वळू. वळणदार एकेरी रस्ता, त्याला फुटलेले गाडी लावण्याचे छोटे फाटे, प्रत्येक फाट्याला क्रमांक, लाकडी टेबल आणि शेकोटीचे लोखंडी कडे. कॅलिफोर्नियापासून मेनपर्यंत हा साचा सारखाच दिसतो. तो एमिलिओ माइनेके या वनस्पतिरोगतज्ज्ञाच्या डोक्यातून निघाला, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. १९२० च्या दशकात मोटारी स्वस्त झाल्या आणि लोक वाटेल त्या झाडाखाली गाडी घालून तंबू ठोकू लागले. चाकांनी माती दाबली जाऊन कॅलिफोर्नियातील महाकाय वृक्षांच्या मुळांना इजा होते, असे माइनेके यांच्या लक्षात आले. गाडीला बांधून ठेवले तरच झाड वाचेल, या विचाराने त्यांनी हा आराखडा मांडला आणि १९३० च्या दशकातील मंदीत सरकारी रोजगार योजनेतील तरुणांनी तो देशभर उतरविला. त्याच काळात व्हर्जिनियातील शेनान्डोआ उद्यानात लुइस माउंटन येथे कृष्णवर्णीयांसाठी वेगळा तळ बांधण्यात आला होता. तंबूच्या जागेलाही वर्णभेद चुकलेला नव्हता. तो तळ आजही चालू आहे, अर्थात सर्वांसाठी.

आरक्षणाची कथा थोडक्यात अशी. केंद्र सरकारच्या बहुतेक तळांचे आरक्षण एकाच संकेतस्थळावर होते आणि अनेक लोकप्रिय ठिकाणी ते सहा महिने आधी खुले होते. योसेमिटीसारख्या जागा काही मिनिटांत संपतात. मुंबईकरांना गणपतीच्या दिवसांतील कोकण रेल्वेची आठवण व्हावी. काही तळ ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ या न्यायाने चालतात. तेथे सकाळी दहाच्या सुमारास, जुना मुक्कामी निघता निघता, पोहोचावे. काही ठिकाणी अजूनही पाकिटात नोटा घालून लोखंडी पेटीत टाकायच्या आणि पावतीचा तुकडा जागेच्या खांबाला अडकवायचा, अशी विश्वासाची पद्धत आहे. खासगी तळही भरपूर आहेत. त्यांतील सर्वांत परिचित साखळी, केओए, १९६२ मध्ये मोंटानातील बिलिंग्ज येथे सुरू झाली. गरम पाण्याची अंघोळ आणि कपडे धुण्याचे यंत्र यांसाठी चार-पाच दिवसांतून एकदा तेथे उतरणे शहाणपणाचे.

प्रवेशशुल्काबाबत मात्र अलीकडे मोठा बदल झाला आहे. सर्व राष्ट्रीय उद्यानांना चालणारा वार्षिक पास अमेरिकेच्या रहिवाशांसाठी ८० डॉलर्सचाच राहिला; परदेशी पाहुण्यांसाठी १ जानेवारी २०२६ पासून तो २५० डॉलर्सचा करण्यात आला. पास नसलेल्या परदेशी प्रौढांना यलोस्टोन, योसेमिटी, ग्रँड कॅन्यन, झायन आदी ११ उद्यानांत नेहमीच्या शुल्काशिवाय माणशी १०० डॉलर्स जादा मोजावे लागतात. मुलाकडे वा मुलीकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या आपल्याकडील आईवडिलांनी हे आकडे ध्यानात घ्यावेत. आणि पास कोणताही असो, तंबूचे भाडे त्यात धरलेले नसते.

अस्वलांचा विषय निघाला की आपल्याकडची मंडळी हसतात. तेथे कोणी हसत नाही. अस्वलाचे नाक असामान्य तीक्ष्ण असते आणि त्याला जिऱ्यामोहरीच्या फोडणीपासून टूथपेस्टपर्यंत सगळेच अन्न वाटते. यलोस्टोनमध्ये वास येणारी प्रत्येक वस्तू बंद गाडीत किंवा तळावरच्या पोलादी पेटीत ठेवावी लागते. योसेमिटीत मात्र रात्री गाडीत अन्न ठेवणे हाच नियमभंग आहे, कारण तेथील काळी अस्वले गाडीचे दार वाकवायला शिकलेली आहेत. एका उद्यानातील शहाणपण दुसऱ्या उद्यानात गुन्हा ठरतो, तो असा. यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज तळावर तर कापडी तंबूला परवानगीच नाही. भक्कम भिंतींची चाकांवरची घरेच तेथे उतरू शकतात. अस्वलाला पळविण्यासाठी मिरचीच्या अर्काचा फवारा मिळतो. तो डासांच्या औषधासारखा अंगावर वा तंबूवर मारायचा नसतो, अशी सूचना रेंजरना आजही द्यावी लागते. अस्वल आणि लांडगा यांच्यापासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, दूर राहावे. इतर प्राण्यांपासून २५ यार्ड. गंमत अशी की यलोस्टोनमध्ये सर्वाधिक माणसांना जखमी करणारा प्राणी अस्वल नसून संथ दिसणारा बायसन आहे.

तरीही अशा प्रवासातला खरा धोका रस्त्याचा आणि पाण्याचा आहे आणि दोघेच असताना तो वाढतो. तिघांत एक जखमी झाला तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि एक मदत आणतो. दोघांत हे गणित जमत नाही.

मार्च २०११ मध्ये कॅनडातील पन्नाशी उलटलेले एक दांपत्य लास व्हेगासला निघाले होते. गाडीतील जीपीएस यंत्राने दाखविलेल्या जवळच्या वाटेने ते उत्तर नेवाडातील डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावर शिरले आणि गाडी चिखलात रुतली. तिसऱ्या दिवशी पती यंत्र घेऊन मदत शोधायला पायी निघाला. पत्नी गाडीतच थांबली. थोडा सुका खाऊ, गोळ्या आणि वितळलेले बर्फ यांवर तिने सुमारे सात आठवडे काढले. मे महिन्यात शिकाऱ्यांना ती जिवंत सापडली. पतीचा मृतदेह सापडायला पुढच्या वर्षीचा शरद ऋतू उजाडला. गाडी अडकली तर गाडी सोडू नका, हे रेंजर का घोकून घेतात ते यावरून समजावे. उघड्या माळावर माणूस दिसत नाही, गाडी दिसते. अलीकडे काही मोबाइल फोनवरून थेट उपग्रहामार्फत मदतीचा संदेश पाठविता येतो; पण कोणत्या दिवशी कुठे पोहोचणार हे घरच्या एखाद्याला लिहून देण्याला आणि कागदी नकाशाला पर्याय नाही.

पाण्याचे दोन्ही टोकांचे भय आहे. डेथ व्हॅलीत १९१३ मध्ये ५६.७ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. वाळवंटात माणशी दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी गाडीत हवेच. आणि त्याच वाळवंटात माणसे बुडूनही मरतात. ऑगस्ट १९९७ मध्ये ॲरिझोनातील अँटिलोप कॅन्यन या चिंचोळ्या घळीत अचानक लोंढा येऊन ११ पर्यटकांचा बळी गेला. पाऊस काही मैलांवर, वरच्या अंगाला पडला होता. ओढ्याच्या कोरड्या पात्रातील मऊ, सपाट वाळू तंबूला कितीही आमंत्रण देत असली तरी तेथे खुंटी ठोकू नये.

या प्रदेशात घड्याळही फसविते. उन्हाळ्यात अमेरिकेत घड्याळे एक तास पुढे करतात, ॲरिझोना करत नाही. पण ॲरिझोनातीलच नाव्हाहो लोकांचा प्रदेश करतो. घळीतील सहलीची ठरलेली वेळ यामुळे हुकलेली जोडपी दर मोसमात भेटतात आणि चूक कोणाची, यावर पुढचे शंभर मैल शांततेत जातात.

राहता राहिली शेकोटी. घरून किंवा मागच्या राज्यातून लाकूड आणू नये, जाळायचे तेथेच विकत घ्यावे, असे फलक तळातळांवर दिसतात. त्यामागे दुकानदारांचा स्वार्थ नाही. २००२ मध्ये मिशिगनमध्ये आढळलेल्या एका हिरव्या भुंग्याने पुढे कोट्यवधी अ‍ॅश वृक्ष मारले आणि तो लांबवर पसरला तो प्रवाशांच्या गाडीतील सरपणातून. कोरड्या मोसमात तर पश्चिमेत शेकोटीवर सरसकट बंदी येते. त्या दिवसाचा नियम रेंजरच्या चौकीत विचारावा. बंदी नसेल तर निघताना निखाऱ्यांवर पाणी ओतायचे, काठीने ढवळायचे, पुन्हा ओतायचे आणि शेवटी हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन पाहायची. ऊब लागली तर आणखी एक बादली.